मुंबईचा इतिहास अपोलो बंदरावर सुरू होत नाही

१/
दर रविवारी सकाळी गेटवे ऑफ इंडियासमोर एकच कथा हिंदी, मराठी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक भाषांतून ऐकू येते. सात ओसाड बेटे होती. पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात ती इंग्रजांना मिळाली. इंग्रजांनी त्यांची मुंबई केली. पर्यटक माना डोलावतात, छायाचित्रे काढतात, आणि ‘मुंबई दर्शन’ची बस वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, हाजी अली करत संध्याकाळी जुहूला पोहोचते.

या कथेतील जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा किंवा अर्धवट आहे. हा दीर्घ धागा त्याविषयी.

२/
प्रथम हुंडा. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजी झाला. त्यात मुख्य देणे होते वीस लाख क्रुझादो आणि आफ्रिकेतील तांजीर हे ठाणे. मुंबई हे त्या मानाने दुय्यम कलम. आणि त्या कलमात शब्द आहेत ‘मुंबईचे बंदर आणि बेट’ असे. बेट, एकवचनी. ‘सात बेटे’ तहात नाहीत.

३/
बेट कोणते आणि किती, यावर लगेच भांडण जुंपले. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो दे कास्त्रो याने १६६२ मध्ये ताबा घ्यायला आलेल्या इंग्रजांना तो देण्याचे साफ नाकारले. अब्राहम शिपमन आपल्या तुकडीसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला. रोगराईने सैनिक मेले, १६६४ मध्ये शिपमनही तिथेच मेला. शेवटी त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी अपमानास्पद अटी मान्य करून ताबा घेतला, आणि मग माहीमसारखे भाग दांडगाईने आपल्या बाजूला ओढले.

तीन वर्षांनी राजाने ही मिळकत ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडे वर्षाला दहा पौंड. लग्नातील आहेर म्हणून जी गोष्ट रंगवून सांगितली जाते, ती प्रत्यक्षात अशी रडतखडत घडली.

४/
आता ‘ओसाड’.

परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्य याचा शिलालेख इ. स. ११८७ चा आहे. त्याच्या संस्कृत मजकुराच्या शेवटी मराठी शापवचन आहे: दिलेले दान जो मोडेल त्याला उद्देशून. ओसाड बेटावर दान कोण देतो, आणि ते मोडण्याची भीती कोणाला वाटते? मलबार टेकडीच्या पायथ्याशी बाणगंगेकाठी वाळकेश्वराचे देऊळ होते. पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झाले. कोळी मासेमारी करत होते, भंडारी माडाची ताडी काढत होते, आगरी मिठागरे राखत होते. कागदपत्रे लिहिणाऱ्या साहेबाला ही माणसे दिसली नाहीत, एवढाच ‘ओसाड’ या शब्दाचा अर्थ.

५/
नावाचीही तीच गत. ‘बॉम्बे’ म्हणजे पोर्तुगीज ‘बोम बाइया’, चांगला उपसागर, असे अजूनही बसमध्ये सांगितले जाते. पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याला ‘बोम’ हे पुल्लिंगी विशेषण लागत नाही, ‘बोआ’ लागते. स्वतःच्या भाषेत पोर्तुगीज इतकी ढोबळ चूक करतील, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मुंबादेवीकडे पाहणे सोपे आहे. तिचे जुने देऊळ बोरीबंदराच्या परिसरात होते. किल्ल्याच्या गरजेपोटी ते तिथून हलले आणि देवी भुलेश्वराकडे गेली.

६/
एक योगायोग. गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. त्याच वर्षी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे माहीम. बखरीतला जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे इ. स. १४४८ मध्ये, रचला. माहीमला राजधानी करणारा बिंब राजा, त्याच्याबरोबर आलेली कुळे, त्यांची वतने, गावांची नावे, असा सगळा उत्तर कोकण त्यात आहे.

बखरीतील सनावळ्या आणि वंशावळी जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत. त्या ताडून पाहाव्या लागतात. तरीही एका वर्षात या शहराला दोन दारे मिळाली. दगडाच्या दारासमोर रोज हजारो लोक उभे राहतात. कागदाच्या दाराचे नाव किती मुंबईकरांना माहीत आहे?

७/
दगडाच्या दाराविषयी दोन शब्द. ते उभारले १९११ मधील पाचव्या जॉर्जच्या आगमनाच्या स्मरणार्थ. पण पायाभरणीच ३१ मार्च १९१३ ला झाली, म्हणजे राजा येऊन गेल्यावर. राजाने पाहिला तो पुठ्ठ्याचा नमुना. शिल्पकार जॉर्ज विटेट याची रचना सुंदर आहे, यात शंका नाही. तिचा खरा ऐतिहासिक क्षण मात्र २८ फेब्रुवारी १९४८ चा: त्या दिवशी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीखालून बोटीकडे गेली. आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू इतिहासात निर्गमनासाठी नोंदली गेली.

८/
गेटवेपासून थोडे चालत उत्तरेला नौदलाची आय. एन. एस. आंग्रे ही तटबंद वसाहत आहे. तिथे सामान्य माणसाला प्रवेश नाही, म्हणून ती कोणत्याही ‘दर्शना’त नसते. मुंबईचा इतिहास एका एकरात पाहायचा असेल तर याहून चांगली जागा नाही.

इथे सोळाव्या शतकात गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा वाडा होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो मुळचा ज्यू घराण्यातला. मरणानंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. त्याच वाड्यात कुकने १६६५ मध्ये ताब्याचे कागद सही केले. त्याच्याभोवती कंपनीने किल्ला बांधला. त्याच जागी, कॅसल बॅरेक्समध्ये, फेब्रुवारी १९४६ मध्ये बंड करून उठलेले हिंदी नौसैनिक ब्रिटिश फौजेशी लढले. ते बंड पेटले १८ फेब्रुवारीला. कुकच्या ताब्याचीही तीच तारीख. आणि आज त्या वसाहतीला नाव आहे ते कंपनीच्या गलबतांना घाम फोडणाऱ्या कान्होजी आंग्र्यांचे.

९/
आंग्र्यांचे नाव निघाले म्हणून रामा कामतही आठवावा. पाडलेले वाळकेश्वर १७१५ मध्ये पुन्हा उभारणारा हा सारस्वत व्यापारी कंपनीचा विश्वासू माणूस. १७२० मध्ये आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला भरला गेला, मालमत्ता जप्त झाली, आणि कैदेतच १७२८ च्या सुमारास त्याचा अंत झाला. ज्या पत्राच्या आधारे तो दोषी ठरला, ते पुढे बनावट निघाले. बाणगंगेच्या पायऱ्यांवर रोज छायाचित्रे निघतात. या माणसाची गोष्ट तिथे कोणी सांगत नाही.

१०/
गेटवेच्या पाठीमागून घारापुरीच्या बोटी सुटतात. तासाभराचा प्रवास. बहुतेक सहली त्याकडे ‘जोडधंदा’ म्हणून पाहतात: वेळ उरला तर एलिफंटा. हा क्रम उलटा आहे. सहाव्या शतकात, कलचुरींच्या काळात मानल्या जाणाऱ्या या लेण्यातील सुमारे साडेपाच मीटर उंचीचे सदाशिवाचे त्रिमुख शिल्प उभे राहिले, तेव्हा लंडन हे रोमनांनी सोडून दिलेले उजाड गाव होते. बेटाला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बोरीबंदरच्या स्थानकाला २००४ मध्ये. आणि बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या वस्त्यांत वीज पोहोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये. रात्री मुंबईचा लखलखाट समोर पाहत ही गावे सत्तर वर्षे अंधारात बसली होती.

११/
‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी बंदरावरच्या दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळून फुटला. तुकडे मुंबईत आले, १९१४ मध्ये ते जोडले गेले, आणि आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

लेण्यातील एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, असे दियोगो दो कौतो हा त्यांचाच इतिहासकार नोंदवतो. तो पुढे नाहीसा झाला. घारापुरी कोणी कोरली याविषयी दीडशे वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे उत्तर बहुधा त्या एका शिळेवर होते.

१२/
म्हणून ‘कुठे फिरायचे’ हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. जे पाहिले जात नाही, ते सांभाळले जात नाही.

१३/
जोगेश्वरीची गुंफा घ्या. घारापुरीच्याच कुळातली, सहाव्या शतकातली, देशातील मोठ्या शैलमंदिरांपैकी एक. ती आज चारी बाजूंनी वस्तीने वेढली आहे. माथ्यावर घरे झाली, सांडपाणी आत झिरपले, शिल्पे झिजली. वस्तीतल्या लोकांना दोष देणे सोपे आहे. त्यांना दुसरीकडे घर परवडत नव्हते. ज्या सुशिक्षित शहराने या गुंफेला आपल्या नकाशात कधी जागाच दिली नाही, त्याला काय अडचण होती?

बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे आणखी बोलके. शैव लेणे, पोर्तुगीज काळात तिथे चर्च झाले, शिल्पे झाकली गेली, भिंतीवर भला मोठा क्रूस कोरला गेला. तो क्रूस अजून आहे, त्याच लेण्यात नटराजही आहे. दोन्ही एका नजरेत मावतात. लोकलच्या तिकिटात हे पाहता येते.

१४/
कान्हेरीला मात्र गर्दी असते. ती पावसाळ्यात, धबधब्यांसाठी. शंभराहून अधिक लेणी, ती कोरण्याचे आणि वापरण्याचे हजार वर्षांचे सातत्य, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांना जोडणारे पन्हाळ. लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या कानांना तो शब्द परका वाटू नये. दान देणारे कोण? कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतले व्यापारी, सोनार, लोहार. भिक्खू आणि भिक्खुणीही. राजाचे नाव येते ते बहुतेक काळ सांगण्यापुरते. इथल्या भिंती म्हणजे कोकणच्या बाजारपेठेची दोन हजार वर्षांपूर्वीची यादी आहे.

१५/
आणि क्रमांक ९० च्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. काळ इ. स. १००९ आणि १०२१. मजकूर साधा: आम्ही अमुक अमुक, इथे आलो. खाली नावे. कोरणारे जरथुश्त्री, लेणे बौद्ध, राज्य शैव शिलाहारांचे. पाहणारे आले, पाहून गेले, नावे कोरून गेले. साष्टीच्या डोंगरातले नोंद ठेवून गेलेले हे सर्वांत जुने पर्यटक. (आज कोणी असे नाव कोरले तर तो गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा.)

१६/
यावर एक नेहमीचा आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. लेणी, देवळे, शिलालेख होते हे मान्य. पण आजचे महानगर, त्याची गोदी, रेल्वे, गिरण्या, विद्यापीठ, ही इंग्रजी अमलाचीच निर्मिती ना? सोपाऱ्याच्या स्तूपातून काही चर्चगेट लोकल सुटली नाही.

बरोबर. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी नाकारण्याचे कारण नाही. पण ‘इंग्रजांनी’ या कर्त्यात कितीजण लपवले जातात, ते मोजावे. राजाबाई टॉवरचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉटचा, जो कधी भारतात आलाच नाही. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे. बोरीबंदरचे स्थानक स्टीव्हन्सचे, त्यावरची पाने, पक्षी आणि माकडे घडली ती जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून. पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांची. आणि त्या गिरण्या चालवल्या त्या रत्नागिरी, सातारा, साताऱ्यापलीकडचा घाट इथून आलेल्या माणसांनी, ज्यांच्या चाळी कोणत्याही बसच्या काचेतून दाखवल्या जात नाहीत. परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. समुद्राकाठच्या नटनट्यांचे बंगले दाखवणारी बस त्या चाळीवरून सरळ निघून जाते.

१७/
‘फोर्ट’ विभागाचे उदाहरण तर मासलेवाईक. किल्ला इंग्रजांचा, हे खरे. पण त्याभोवतीचा खंदक कशाच्या धाकाने खणला गेला? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. वेढा चालू असताना मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना कर्ज दिले ते चर्चची चांदी तारण ठेवून. आणि वसई पडताच कॅप्टन इंचबर्डला बोलणी करायला चिमाजीअप्पांकडे धाडले. साष्टी मराठ्यांकडे गेल्यावर माहीमच्या खाडीपलीकडे पेशव्यांचा मुलूख सुरू होऊ लागला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी खंदकासाठी ३०,००० रुपये वर्गणी काढली.

त्याआधी १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने शिवडीला उतरून बेटाचा मोठा भाग व्यापला होता, आणि कंपनीने औरंगजेबाची माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून सुटका करून घेतली होती. इंग्रजांची मुंबई पहिली सव्वाशे वर्षे इतरांच्या मेहेरबानीवर आणि आपसांतल्या भांडणांवर जगली. साष्टी त्यांच्या हाती लागली ती १७७४ च्या डिसेंबरात, मराठे घरच्या कलहात गुंतले असताना. वसईचा किल्ला आणि मुंबईचा फोर्ट ही एकाच कथेची दोन पाने आहेत. एक पान फाडून दुसरे वाचण्याला इतिहासवाचन म्हणता येत नाही.

१८/
आता दुसऱ्या बाजूला दोन फटके, कारण ती बाजू आजकाल अधिक बोलते.

साहेबी कथा नाकारताना तिच्या जागी तितकीच पोकळ देशी कथा बसवणारे पुष्कळ झाले आहेत. प्रत्येक लेणे पांडवांनी एका रात्रीत कोरले. प्रत्येक लेण्यातून एक भुयार कुठल्यातरी किल्ल्यावर निघते. हे भुयार काही नवे नाही: कान्हेरीहून थेट खंबायतेपर्यंत भुयार जाते, ही वदंता दो कौतोने चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली, आणि एक पाद्री ते शोधायलाही निघाला होता. पाद्रीबुवा थकून परतले. समाजमाध्यमांवरचे संशोधक अजून परतलेले नाहीत.

पांडवांची कथा ऐकायला गोड. पण ती सांगताच कल्याणच्या लोहाराचे दान पुसले जाते. ज्याने स्वतःच्या कमाईतून टाके खोदवले आणि नाव कोरून ठेवले, त्याला दुसऱ्यांदा बेनाम करण्याचे पुण्य कशाला?

१९/
यात काय पणाला लागले आहे, ते परळच्या एका घटनेतून स्पष्ट होते. १९३१ मध्ये शिवडी-परळ भागात रस्त्याचे खोदकाम चालू असताना सुमारे साडेतीन मीटर उंचीची एक अखंड शिळा वर आली. मध्ये शिव, त्याच्यातून वर आणि दोन्ही बाजूंना उमलल्यासारखी शिवाचीच रूपे, पायाशी वाद्ये वाजवणारे गण. सहाव्या शतकातील, भारतीय शिल्पातील पहिल्या रांगेतली कृती. ती कोणीतरी ओळखली म्हणून वाचली. आज ती परळच्या बारादेवी मंदिरात आहे. प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

२०/
आज शहराचा कोणता भाग खणला जात नाही? मेट्रो, पुनर्विकास, समुद्रकिनाऱ्याचे रस्ते. परळ, शिवडी, माहीम, वाळकेश्वर, देवनार, साष्टीची प्रत्येक जुनी गावे. त्या मातीत गधेगाळ असू शकतात: वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला शाप देणारे गाढव आणि स्त्रीचे ओंगळ शिल्प. खोदणाऱ्याला तो ‘घाणेरडा दगड’ वाटतो. लोक त्याला शेंदूर फासतात, पायरीला बसवतात किंवा भरावात टाकतात. असा दगड दिसताच ओळखणारी दहा-वीस तरुण माणसे प्रत्येक उपनगरात असतील, तर एखादे शतक वाचेल. अशी माणसे हाजी अलीसमोर पंधरा मिनिटे बस थांबवून तयार होत नाहीत.

२१/
ज्यांना वेगळे दर्शन घ्यायचे आहे त्यांच्यासाठी क्रम असा. पहिला दिवस घारापुरी (सोमवारी लेणी बंद असतात), परतल्यावर भायखळ्याचा हत्ती. दुसरा दिवस मंडपेश्वर आणि कान्हेरी. पुरेसे पाणी बरोबर, धबधबा सोडून वरच्या लेण्यांपर्यंत चढण्याची तयारी. तिसरा दिवस वसईचा किल्ला आणि नालासोपारा. वाटेत कधीही परळ आणि बाणगंगा. गेटवेही पाहावे, बोटीतून परतताना पाहावे, कारण ती कमान समुद्रावरून येणाऱ्यासाठी घडवलेली आहे.

२२/
नालासोपाऱ्याच्या स्तूपाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकलला, तेव्हा दगडी पेटीत धातूचे करंडक, सोन्याची फुले आणि आठ ब्राँझ बुद्धमूर्ती निघाल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावला सापडला. आज स्तूप शांत आहे. पश्चिमेला वाढत गेलेल्या इमारतींच्या मध्ये, ताडांच्या सावलीत, विटांचा एक ढिगारा. फिरायला येणारे थोडे.

आठव्या लेखाचा विषय आहे प्रवास. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, शिकारीला आणि मौजेला निघत, असे अशोक त्यात सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या यात्रांत वृद्धांची भेट आणि गावोगावच्या माणसांशी बोलणे आले. मुंबईच्या परिसरात मिळालेला सर्वांत जुना लेख हा.